गोष्ट तपासू नका, मागणी तपासा: फोनवरून पैसे उकळणाऱ्यांना ओळखण्याबद्दल

फोनवर कुणी पोलीस, बँकवाला किंवा कुरियरवाला बनून बोलू लागला की आपण पहिल्यांदा त्याची गोष्ट खरी की खोटी हे ठरवायला जातो. आधार क्रमांक बरोबर सांगितला, खात्याचे शेवटचे चार आकडे जुळले, व्हिडिओ कॉलवर खाकी गणवेश दिसला, मागच्या भिंतीवर अशोकस्तंभ दिसला, मग असेलही खरं. इथेच माणूस सापडतो. गोष्ट रचणं हे त्या लोकांचं रोजचं काम असतं आणि आपण ती पहिल्यांदाच ऐकत असतो. आपला पत्ता, आधार, मुलांची नावं ही माहिती कुठून ना कुठून बाहेर गेलेली असते. ती एखाद्याला माहीत आहे म्हणून तो सरकारी माणूस ठरत नाही.

मी बँकेत नोकरी केली. बरीच वर्षं काउंटरवर आणि नंतर शाखेत अधिकारी म्हणून. निवृत्त झाल्यावरही नात्यातली, शेजारपाजारची माणसं "हा मेसेज खरा आहे का गं?" म्हणून फोन पुढे करतात. एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. समोरचा कोण आहे हे फोनवरून कळणार नाही, पण तो तुमच्याकडून काय करवून घेऊ पाहतो आहे ते तुम्हाला नक्की कळतं. गोष्टी रोज नव्या निघतात. मागण्या मात्र त्याच असतात: फोन कापू नका, कुणाला सांगू नका, आत्ताच्या आत्ता करा, आणि शेवटी पैसे किंवा पैशांपर्यंत पोचायची किल्ली द्या. यातली एक मागणी जरी ऐकू आली तरी पुढची गोष्ट ऐकायची गरज नाही.

"लाइनवरच राहा"

या मागणीबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण तिने लोकांच्या आयुष्यभराच्या ठेवी गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

एखादे ज्येष्ठ ग्राहक शाखेत येतात. एरवी काउंटरवर पाच मिनिटं गप्पा मारणारे, आज नजर वर करत नाहीत. फोन खिशात असतो, पण कॉल चालू असतो. मुदत संपायला वर्ष बाकी असलेली एफडी मोडायची असते आणि सगळी रक्कम आरटीजीएसने (मोठी रक्कम दुसऱ्या बँकेत पाठवायची सोय) कुठल्या तरी अनोळखी खात्यात पाठवायची असते. आम्ही विचारायचो, "काका, एवढी रक्कम कशासाठी?" उत्तर यायचं, "मुलाला फ्लॅट घ्यायचाय." "कुठे?" या साध्या प्रश्नाला उत्तर नसायचं. फ्लॅटचं कारण फोनवरच्या माणसाने पढवलेलं असतं. बँकेतले लोक काय विचारतील आणि त्यावर काय सांगायचं, हे ते आधीच घोकून घेतात. वर "बँकेतले लोकही या गुन्ह्यात सामील आहेत" असं सांगून ठेवतात, म्हणजे मदत करणाराच संशयित वाटायला लागतो.

शाखेत कुणी असं काही विचारलं तर कृपा करून चिडू नका. चिठ्ठीवर दोन शब्द लिहून पुढे सरकवा: "फोन चालू आहे." समोरच्या माणसाला पुढचं कळेल.

याच प्रकाराला डिजिटल अटक म्हणतात. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या सिमवरून अश्लील मेसेज गेले, तुमचं खातं मनी लाँडरिंगमध्ये आलं, अशी सुरुवात होते. मग कॉल "वरिष्ठांकडे" जातो आणि तुम्हाला कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवतात. झोपतानाही कॅमेरा बंद करू देत नाहीत. भारतीय कायद्यात अशी अटकच नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या "मन की बात"मध्ये पंतप्रधानांनी हे स्वतः सांगितलं होतं. तरीही प्रकार थांबले नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या विषयाची स्वतःहून दखल घेतली. हरियाणातल्या अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याला चक्क सर्वोच्च न्यायालयाचेच बनावट आदेश दाखवून लुबाडलं होतं. तेव्हा कागदावरचा शिक्का बघून काही ठरवू नका.

पोलीस असोत, सीबीआय असो, ईडी असो, रिझर्व्ह बँक असो, यांपैकी कुणीही "तुमचे पैसे काळे आहेत का ते तपासायचंय, आमच्या खात्यात पाठवा, तपासून परत देतो" असं म्हणत नाही. परत देण्याच्या बोलीवर घेतलेली ती रक्कम कधीच परत येत नाही.

करायचं एवढंच: फोन कापा. मला माहीत आहे हे लिहायला सोपं आहे. आपल्या पिढीला समोरचा बोलत असताना फोन ठेवणं उद्धटपणाचं वाटतं, आणि हे लोक त्या संकोचाचाच फायदा घेतात. म्हणून एक वाक्य पाठ करून ठेवा: "मी फोन ठेवते आहे. पोलीस ठाण्यात जाऊन स्वतः चौकशी करीन." परवानगी मागायची नाही, उत्तराची वाट बघायची नाही. "फोन ठेवलात तर दहा मिनिटांत दारात पोलीस येतील" अशी धमकी आली तर येऊ द्या. दारात आलेल्या माणसाला ठाण्याचं नाव विचारता येतं, शेजाऱ्यांना बोलावता येतं. फोन ठेवल्यावर मात्र एकटं बसू नका. मुलगी, पुतण्या, शेजारच्या वहिनी, जो पहिला सापडेल त्याला घडलेलं मोठ्याने सांगा. सांगता सांगताच त्या गोष्टीतला फोलपणा आपल्याच कानांना ऐकू येतो, हे मी कितीतरी जणांच्या बाबतीत पाहिलं आहे.

पैसे घ्यायला पिन लागत नाही

यूपीआयचा पिन फक्त पैसे देताना किंवा शिल्लक बघताना लागतो. क्यूआर कोड आपण स्कॅन करतो तो पैसे देण्यासाठीच. एवढं घट्ट धरून ठेवलं तरी पुष्कळ फसवणुकी जागच्या जागी संपतात.

जुनं कपाट विकायची जाहिरात टाकली की कुणीतरी घासाघीस न करता लगेच तयार होतो. बहुतेक वेळा तो "सैन्यात" असतो, बदली झालेली असते, ओळखपत्राचा फोटोही पाठवतो. मग म्हणतो, "मावशी, कोड पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." जमा होत नाहीत, जातात. घासाघीस न करणारा आणि वस्तू न बघता पैसे द्यायला निघालेला गिऱ्हाईक मिळाला की माझ्या मनात तिथेच शंका येते.

पूर्वी कुणीही आपल्याला पैशांची मागणी पाठवू शकायचं आणि घाईत आपण ती मंजूर करून बसायचो. व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. आता भर खोट्या मेसेजवर आहे. "तुमच्या खात्यात १५,००० रुपये जमा" असा, बँकेच्या मेसेजसारखाच दिसणारा मजकूर येतो, पण पाठवणारा नंबर साधा दहा आकडी मोबाईल असतो. मागोमाग रडवेला फोन: "ताई, चुकून तुम्हाला गेले, आई दवाखान्यात आहे, परत पाठवा ना." अशा वेळी मेसेजवर विश्वास ठेवू नका, बँकेच्या अॅपमध्ये शिल्लक बघा. आणि समजा पैसे खरंच आलेले दिसले, तरी स्वतः परत पाठवू नका. बँकेला कळवा, पाठवणाऱ्यालाही त्याच्या बँकेकडे तक्रार करायला सांगा. दुसऱ्या कुणाचे चोरलेले पैसे तुमच्या खात्यातून पुढे फिरवले जात असतील तर खातं तुमचं गोठतं.

पिन टाकण्याआधी स्क्रीनवर ज्याच्या खात्यात पैसे जाणार त्याचं नाव येतं. ते वाचायची सवय लावा. वीजबिल भरताना तिथे कुणा अनोळखी व्यक्तीचं नाव दिसलं तर मागे फिरा.

ज्या फाइलला हात लावू नये

व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका येते, वाहतुकीचं चलन येतं, बँकेची केवायसी येते, आणि फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके असतं. पत्रिका म्हणजे फोटो किंवा पीडीएफ. एपीके म्हणजे अॅप. ते टाकून वर मेसेज वाचायची परवानगी दिली की तुमचे ओटीपी परस्पर तिकडे पोचतात. "मी तर कुणाला ओटीपी सांगितलाच नाही" असं सांगणारी माणसं खोटं बोलत नसतात, त्यांच्या फोननेच तो सांगितलेला असतो. पत्रिका ओळखीच्या माणसाकडून आली म्हणूनही निर्धास्त राहू नका. त्याचा फोन आधीच ताब्यात गेलेला असू शकतो.

अशी फाइल उघडली गेलीच, तर ताबडतोब फोनचं इंटरनेट आणि वायफाय बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून नेट बँकिंग, यूपीआय, कार्ड थांबवा. नुसतं अॅप काढून टाकल्याने काम भागतंच असं नाही. फोटो वगैरे जपून फोन पूर्ण रीसेट करून घ्या आणि मगच बँकेचे पासवर्ड, पिन बदला.

"आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, या अधिकाऱ्याला फोन करा" हा मेसेज तुमच्यापैकी अनेकांना आला असेल. त्या नंबरवर फोन केला की तो दहा रुपये भरायला सांगतो आणि त्यासाठी स्क्रीन शेअर करणारं अॅप टाकायला लावतो. तुम्ही दहा रुपयांसाठी जे जे टाइप कराल ते सगळं त्याला दिसत असतं. कुणाच्याही सांगण्यावरून, कितीही किरकोळ कारणासाठी, स्क्रीन शेअर करू नका.

कुरियरवाला म्हणून कुणी "स्टार ४०१" किंवा "स्टार २१" ने सुरू होणारा नंबर फिरवायला सांगितला तर तो तुमचे कॉल स्वतःकडे वळवून घेतो आहे. चुकून फिरवला असेल तर हॅश हॅश ००२ हॅश डायल करा, सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं.

खरा नंबर कुठे शोधायचा

गुगलवर "अमुक बँक कस्टमर केअर" शोधून पहिला दिसेल तो नंबर लावू नका. तिथे भामट्यांनी पेरलेले नंबर असतात. नंबर घ्या डेबिट कार्डाच्या मागून, पासबुकावरून किंवा बँकेच्या अॅपमधून. फोन वाजताना स्क्रीनवर दिसणाऱ्या नावावरही विसंबू नका, कॉल करणाऱ्याचं नाव दाखवणाऱ्या अॅपमध्ये कुणीही कुठलंही नाव ठेवू शकतं.

काही खुणा मात्र उपयोगी आहेत. रिझर्व्ह बँकेने बँकांना आपली संकेतस्थळं "डॉट बँक डॉट इन" या पत्त्यावर नेण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. पत्त्याचा शेवट तसा नसेल तर पुढे जाऊ नका. बँका आणि वित्तसंस्थांच्या सेवेच्या कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर आहेत, जाहिरातीसाठी १४० चे. कंपन्यांच्या एसएमएसमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं: जी म्हणजे सरकारी, टी म्हणजे व्यवहाराचा, एस म्हणजे सेवेचा, पी म्हणजे जाहिरातीचा. खूण चुकीची असेल तर सावध व्हा, पण खूण बरोबर दिसली म्हणून पिन सांगू नका.

नफा फक्त स्क्रीनवर

शेअरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये तुम्हाला कुणीतरी परस्पर जोडतं. तिथले "सर" रोज टिप देतात आणि शेकडो सदस्य "थँक्यू सर, आज चाळीस हजार सुटले" लिहीत असतात. ते सदस्य त्यांचेच. मग एक अॅप येतं, त्यात तुमचे पैसे फुगताना दिसतात. शहाणी माणसं म्हणतात, आधी थोडे काढून बघू. काढता येतात! तो विश्वास बसावा म्हणूनच दिलेले असतात. मोठी रक्कम काढायला गेलात की आधी कर भरा, मग शुल्क भरा, मग दंड भरा. स्वतःचेच पैसे सोडवायला वरून पैसे भरावे लागत असतील तर ते पैसे तिथे नाहीतच, हे समजून थांबा.

बँकेतल्या माणसाला यात लगेच खुपणारी गोष्ट म्हणजे खात्यांची नावं. आज पैसे एका ट्रेडर्सच्या खात्यात, उद्या कुठल्या तरी एंटरप्रायझेसच्या, परवा एखाद्या व्यक्तीच्या. नोंदणीकृत शेअर दलाल असा वागत नाही. सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नोंद असलेल्या दलालांच्या यूपीआय पत्त्यात आता "व्हॅलिड" हा शब्द येतो आणि सेबी चेक या सोयीवर खातं तपासताही येतं. आणि खात्रीच्या परताव्याचं आश्वासन द्यायला सेबीची परवानगीच नाही. घरबसल्या लाइक करून किंवा हॉटेलांना रेटिंग देऊन कमाई, हा प्रकारही आतून असाच चालतो.

आधीच करून ठेवायच्या गोष्टी

यूपीआयसाठी वेगळं बचत खातं ठेवा आणि त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवा. पेन्शनचं आणि ठेवींचं खातं यूपीआयला जोडू नका. अॅपमधून व्यवहाराची दैनंदिन मर्यादा कमी करून घ्या. कार्डाचे परदेशी व्यवहार लागत नसतील तर बंद ठेवा. आधारचं बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक करून ठेवा, लागेल तेव्हा उघडता येतं.

मोठ्या एफडीबद्दल माझा सल्ला थोडा वेगळा आहे. बहुतेक जोडप्यांच्या ठेवी "कोणीही एक किंवा हयात" या पद्धतीच्या असतात, म्हणजे मुदतीनंतर एकाची सही पुरते. त्याऐवजी मोठी ठेव दोघांच्या सहीने चालेल अशी ठेवली तर मुदतीआधी असो वा नंतर, घाबरलेला एक जण एकटा ती काढू शकत नाही. याची अडचणही आहे: एक जण आजारी पडला तर दुसऱ्याचं काम अडतं. म्हणून सगळ्याच ठेवी तशा करू नका, दवाखान्यापुरती रक्कम मोकळी ठेवा. एफडी ऑनलाइन मोडण्याची सोय बंद करता येते का, हेही शाखेत विचारा.

आता आवाजाची हुबेहूब नक्कल करता येते. नातवाच्या आवाजात "आजी, अपघात झालाय, पैसे पाठव" असा फोन आला तर काय विचारायचं ते घरात ठरवून ठेवा, म्हणजे घरच्यांनाच उत्तर ठाऊक असेल असा एखादा प्रश्न. आणि फोन कापून नातवाच्या नेहमीच्या नंबरवर फोन करा.

पैसे गेलेच तर

सगळ्यात आधी १९३० हा नंबर लावा. भावाला विचारणं, बँक उघडायची वाट बघणं, त्या भामट्याला पुन्हा फोन करून विनवणं, हे सगळं नंतर. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या खात्यात भराभर सरकतात आणि शेवटी एटीएममधून निघतात. १९३० वरची तक्रार त्या साखळीतल्या बँकांपर्यंत पोचते आणि पैसे जिथे असतील तिथे अडवले जातात. तास जितके जातील तितकं अडवायला कमी उरतं. फोन करताना रक्कम, वेळ, तुमची बँक आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा. लागलीच बँकेलाही कळवा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. नंतर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर लेखी तक्रार करा. चॅट, कॉलची यादी, स्क्रीनशॉट यातलं काहीही पुसू नका.

बँकेच्या तक्रार क्रमांकाचा आग्रह मी का धरते ते सांगते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने नुकसानीची जबाबदारी कळवण्याच्या वेळेवर ठरवून दिली. तुमची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कुणी व्यवहार केला आणि बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमच्यावर भुर्दंड नाही. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर मर्यादित रक्कम तुमच्यावर, त्यानंतर बँकेच्या धोरणानुसार. पिन किंवा ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ कागदावर हवी. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं. चौकशीचा नंबर १४४४८.

ऑनलाइन मागवलेली वस्तू खोटी निघाली, पैसे अडकवून ठेवले, अशा तक्रारींसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

घरातल्या तरुणांना माझी विनंती आहे. आई-बाबा फसले हे कळल्यावर पहिलं वाक्य "तुम्हाला एवढंही कळलं नाही?" असं काढू नका. त्या वाक्याच्या भीतीने माणसं दोन-दोन दिवस गप्प राहतात, आणि पैसे अडवता येण्याची वेळ तेवढ्यात निघून जाते. फसवणुकीत डॉक्टर, प्राध्यापक, निवृत्त अधिकारी, अगदी बँकेतली माणसंही सापडतात. पहिलं वाक्य असू द्या, "फोन दे, आधी १९३० लावू."

तक्रार केल्यानंतर काही दिवसांनी आणखी एक फोन येण्याची शक्यता असते. "सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम सापडली आहे, सोडवण्यासाठी प्रक्रिया शुल्क भरा." फसलेल्यांच्या याद्याही विकल्या जातात आणि त्यावरून हे फोन येतात. गोठवलेली रक्कम परत मिळवायचा रस्ता पोलीस ठाण्यातून आणि बऱ्याचदा न्यायालयाच्या आदेशातून जातो, फोनवरच्या कुणाच्या खात्यातून जात नाही. तुमच्या तक्रारीचा क्रमांक वहीत लिहून ठेवा आणि चौकशीला जायचं ते पोलीस ठाण्यातच, स्वतः.